तुटलेल्या जोडणीचा शोध

तारायंत्राच्या काळात अमेरिकेतील तारमार्गांवर एक पद्धत रूढ होती. संदेश चालू नसला तरी तारेतून विद्युत्प्रवाह अखंड वाहत ठेवावयाचा, आणि संदेश पाठविताना तो ठराविक रीतीने खंडित करावयाचा. या पद्धतीत बॅटरी अधिक खर्ची पडत असे. परंतु तिचा एक मोठा लाभ होता. मार्गात कोठेही तार तुटली की प्रवाह थांबे, आणि संदेश येण्याची वाट न पाहता दोन्ही टोकांच्या तारमास्तरांना मार्ग बंद पडल्याचे तत्काळ कळे. शांतता आणि विच्छेद या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि त्या निरनिराळ्या दिसल्या पाहिजेत, हे तत्त्व या साध्या योजनेत सामावलेले होते.

आज पृथ्वीवरील कोट्यवधी संगणक एकमेकांशी क्षणोक्षणी बोलत असतात. तथापि त्यांच्या संभाषणाची जी मूळ व्यवस्था आहे, तिच्यात शांतता आणि विच्छेद यांत बाहेरून काडीइतकाही फरक दिसत नाही. पलीकडचा संगणक गप्प आहे, की बंद पडला आहे, की मधला मार्गच नाहीसा झाला आहे, हे अलीकडच्या संगणकास आपोआप कळत नाही. ते कळावे म्हणून कोणते उपाय योजण्यात आले, आणि त्या उपायांस कोणत्या मर्यादा आहेत, याचा परिचय या पुस्तिकेत करून द्यावयाचा आहे.

प्रथम दोन संज्ञांविषयी. रेल्वेचे तिकीट काढताना आपल्या हातातील दूरध्वनीवरील आज्ञावली काही मागणी करते, आणि दूरच्या एखाद्या इमारतीतील मोठ्या संगणकावरील आज्ञावली ती पुरविते. मागणाऱ्या आज्ञावलीस 'क्लायंट' व पुरविणाऱ्या आज्ञावलीस 'सर्व्हर' असे म्हणतात. 'क्लायंट'ला मराठीत 'अशील' हा शब्द कोर्टकचेरीने पूर्वीच दिलेला आहे. परंतु तो येथे घातल्यास वाचक वकिलाचा शोध घेऊ लागेल, आणि 'सर्व्हर'ला 'सेवक' म्हटल्यास डोळ्यांपुढे पट्टेवाला शिपाई उभा राहील. म्हणून मूळ शब्दच ठेवणे इष्ट वाटते.

क्लायंट व सर्व्हर यांच्यामध्ये 'जोडणी' होते असे आपण म्हणतो, तेव्हा मनश्चक्षूंपुढे एक तार येते. जुन्या दूरध्वनी-व्यवस्थेत ते खरेही होते. बोलणे चालू असेपर्यंत दोन ग्राहकांसाठी एक विद्युन्मार्ग राखून ठेवलेला असे. आंतरजालाची, म्हणजे इंटरनेटची, रचना याहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे मजकुराची लहान लहान पॅकेटे केली जातात, आणि टपालातील पत्रांप्रमाणे प्रत्येक पॅकेट पत्त्याच्या आधारे आपली वाट स्वतंत्रपणे काढीत जाते. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आणि सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित रूपात प्रसिद्ध झालेल्या 'टीसीपी' या संकेतानुसार दोन्ही टोके आरंभी तीन लहान पॅकेटांची देवघेव करतात: "बोलू या का?", "होय, तुम्हीही तयार ना?", "होय." इतके झाले की दोन्ही संगणक आपापल्या स्मृतीत एक नोंद करतात. पलीकडच्याचा पत्ता, आतापर्यंत किती अक्षरे गेली, किती आली, एवढाच तिचा मजकूर. ही नोंद म्हणजेच जोडणी. मधल्या तारांना, मार्गदर्शक यंत्रांना तिचा पत्ताही नसतो.

यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निष्पन्न होते. जोडणी झाल्यावर दोन्ही बाजूंना काही सांगावयाचे नसेल, तर मार्गावरून एकही पॅकेट जात नाही. अशा वेळी संगणकाची केबल उपटून ठेवली, तासाभराने पुन्हा बसविली, आणि दरम्यान पत्ता बदलला नाही, तर जोडणी पूर्ववत शाबूत असते! हा दोष नसून हेतुपुरस्सर साधलेला गुण आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ साली या जालाच्या रचनेमागील तत्त्वे विशद करताना सांगितले की, मधला एखादा भाग निकामी झाला तरी संभाषण चालू राहावे हे रचनाकारांचे अग्रगण्य उद्दिष्ट होते. संभाषणाची स्मृती टोकांपाशी ठेवली, तर मधल्या यंत्राच्या मृत्यूने ती नष्ट होत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळीच्या केबली निकामी झाल्या आणि भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीस जबर फटका बसला. तरीही बरीचशी पॅकेटे दुसऱ्या लांबच्या वाटांनी वळवून पुढे नेता आली. मात्र या चिवटपणाची किंमत अशी की, जी व्यवस्था मधल्या खंडाकडे दुर्लक्ष करावयास शिकली आहे, तिला खंड पडल्याची वार्ताही कोणी देत नाही.

जोडणी संपण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला शिष्टसंमत: एक बाजू समाप्तीचा संदेश पाठविते, दुसरी त्याची पोच देते. दुसरा काहीसा फटकळ: एक बाजू 'रीसेट' नावाचे पॅकेट पाठवून संबंध तोडते. एखादी आज्ञावली मध्येच कोसळली तरी संगणकाची मूळ कार्यप्रणाली तिच्या वतीने असा निरोप धाडते, म्हणून आज्ञावलीचा अंत सहसा लपून राहत नाही. तिसरा प्रकार मौनाचा. वीज गेली, केबल कुदळीखाली आली, दूरध्वनी मनोऱ्याच्या कक्षेबाहेर गेला. निरोप देण्यास तेथे कोणी उरलेच नाही, किंवा निरोप यावयास वाट उरली नाही. एका टोकाची नोंद पुसली गेली आणि दुसऱ्या टोकाची तशीच राहिली, अशा जोडणीस 'अर्धी उघडी' म्हणतात. १९८१ च्या संकेतातच तिचा विचार केलेला आढळतो.

अर्धी उघडी जोडणी ही केवळ तांत्रिक कुतूहलाची बाब नाही. प्रत्येक नोंद सर्व्हरची स्मृती व्यापते, आणि एका वेळी किती जोडण्या धरावयाच्या यास सीमा असते. भोजनगृहातील सर्व टेबले उठून गेलेल्या मंडळींच्या नावावर अडकून पडावीत आणि दाराशी आलेल्यांस जागा नाही म्हणून परत पाठवावे, तसा प्रकार घडतो. याहून गंभीर म्हणजे, क्लायंटने सर्व्हरकडील एखाद्या खात्याची नोंद बदलण्यासाठी तिला तात्पुरते कुलूप लावले असेल आणि त्याच क्षणी तो नाहीसा झाला असेल, तर ते कुलूप उघडणार कोण? सर्व्हरला जोपर्यंत मृत्यूची खबर नाही तोपर्यंत इतर सर्वांनी बाहेर ताटकळावे लागते.

आता शोधाच्या पद्धतीकडे वळू. येथे बोलणारा आणि ऐकणारा यांच्या स्थितीत मोठा भेद आहे. बोलणाऱ्यास आपल्या प्रत्येक पॅकेटाची पोच अपेक्षित असते. ती न आल्यास तो तोच मजकूर पुन्हा धाडतो, पुन्हा पोच न आल्यास आणखी थांबून पुन्हा धाडतो, आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो. लिनक्स या कार्यप्रणालीत मूळ मांडणीप्रमाणे असे १५ पुनःप्रयत्न होतात. पहिली प्रतीक्षा एक पंचमांश सेकंदाची धरली, तर ०.२, ०.४, ०.८ अशी दुपटीने वाढत ती दहाव्या वेळी १०२.४ सेकंदांवर येते. त्यापुढे १२० सेकंदांची कमाल मर्यादा लागू होते. पहिल्या दहांची बेरीज २०४.६ सेकंद, पुढील सहांची ७२०, एकूण ९२४.६ सेकंद, म्हणजे सुमारे साडेपंधरा मिनिटे. इतका वेळ गेल्यावर बोलणारा हात टेकतो.

इतक्या सबुरीचे कारण काय, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर ऑक्टोबर १९८६ मधील एका घटनेत आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड. या दोहोंमधील मार्गाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर घसरला. पोच वेळेवर येईना म्हणून संगणक तोच मजकूर घाईघाईने पुन्हा पुन्हा पाठवीत होते, त्यामुळे मार्ग अधिकच तुंबत होता, आणि तुंबल्यामुळे पोच आणखी लांबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली या विकाराचे निदान व उपचार प्रसिद्ध केले. पोच न येण्याचा अर्थ बहुधा गर्दी असा असतो, मृत्यू असा नव्हे. म्हणून प्रत्येक अपयशानंतर अधिक थांबावे, हा त्या उपचारातील एक महत्त्वाचा भाग होय.

ऐकणाऱ्याची अवस्था मात्र बिकट आहे. त्याने काही पाठविलेलेच नाही, तेव्हा पोच येण्याचा वा न येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो वाट पाहतो, आणि संकेतातील कोणताही नियम त्याला थांब म्हणत नाही. दिवस जावोत, आठवडे जावोत. यावर 'कीप-अलाइव्ह' नावाची युक्ती योजण्यात आली. जोडणी दीर्घ काळ निःशब्द राहिली तर ऐकणारा एक रिकामे पॅकेट पाठवितो, आणि त्यावर जाणूनबुजून मागचा, आधीच पोच मिळालेल्या अक्षराचा क्रमांक घालतो. पलीकडचा संगणक जिवंत असेल तर नियमानुसार त्यास उत्तर देणे भाग पडते: "हे मला पूर्वीच मिळाले आहे; मी पुढच्या क्रमांकाची वाट पाहत आहे." त्याचा संगणक मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल, तर त्याच्या स्मृतीत या जोडणीची नोंदच नसते आणि तो 'रीसेट' पाठवितो. काहीच उत्तर आले नाही तर थोड्या थोड्या अंतराने पृच्छा चालू राहते. पलीकडच्या आज्ञावलीला यातले काही कळतही नाही. युक्ती चातुर्याची खरी. नाव मात्र फसवे आहे. 'जिवंत ठेवणारा' असे म्हणावे, आणि त्याने नाडी पाहून मृत्यूचा दाखला द्यावा!

या योजनेविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. ऑक्टोबर १९८९ मध्ये आंतरजालातील संगणकांसाठी जी नियमावली प्रसिद्ध झाली, तिने हिला केवळ अनुमती दिली, आणि तीही अटींसह: आज्ञावलीने मागितल्याखेरीज ती चालू असू नये, आणि दोन पृच्छांमधील ठरीव अंतर दोन तासांहून कमी असू नये. आक्षेप असे होते की मार्गातील क्षणिक बिघाडाच्या वेळी नेमकी पृच्छा झाली तर धडधाकट जोडणीही हकनाक तोडली जाईल. निष्कारण वाहतूक वाढेल. आणि जेथे पॅकेटागणिक आकार पडतो तेथे पैसाही जाईल. लिनक्समध्ये आजही मूळ मांडणी ७,२०० सेकंदांची आहे. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ पृच्छा होतात. म्हणजे मृत्यूची खात्री पटावयास २ तास ११ मिनिटे १५ सेकंद लागतात. बँकेच्या वा रुग्णालयाच्या कामात एवढा विलंब चालणे शक्य नाही, आणि म्हणून हे आकडे बदलण्याची मुभा कार्यप्रणालीत ठेवलेली असते.

त्यातच मधल्या काळात एक तिसरा पक्ष उपस्थित झाला. आंतरजालातील पत्ते अपुरे पडू लागले, तेव्हा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक संगणक बसविण्याची तोड निघाली. घरातील वा कचेरीतील छोटे यंत्र बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटावरील पत्ता बदलते, आणि येणारे उत्तर कोणाचे याची नोंद आपल्या वहीत ठेवते. म्हणजे जोडणीची स्मृती केवळ टोकांपाशी असावी या मूळ तत्त्वास येथे छेद गेला. या यंत्राची वही लहान असते, आणि बराच काळ वापरात नसलेली नोंद ते खोडून टाकते. तेव्हा दोन्ही टोके जिवंत, सर्व तारा शाबूत, आणि तरीही जोडणी मृत! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शिफारशीत अशी नोंद निदान २ तास ४ मिनिटे राखावी असे सांगितले आहे. दोन तासांच्या पृच्छेस थोडी सवड मिळावी हा त्यातील हिशेब. प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रे इतकी सबुरी दाखवीत नाहीत. या परिस्थितीत मात्र कीप-अलाइव्हला आपले नाव काही अंशी सार्थ करता येते, कारण वरचेवर जाणाऱ्या पॅकेटामुळे मधल्या यंत्राची नोंद ताजी राहते.

आणखी एक न्यून आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. वर वर्णिलेल्या पृच्छेस उत्तर देते ती कार्यप्रणाली, आज्ञावली नव्हे. आज्ञावली एखाद्या अनंत फेऱ्यात अडकून निश्चेष्ट झाली असली तरी कार्यप्रणाली इमानेइतबारे उत्तरे देत राहते. घरमालक बेशुद्ध पडला असताना देवडीवरचा रखवालदार "साहेब आत आहेत" असे सांगत राहतो, तसे हे आहे. म्हणून ज्या कामात जोखीम मोठी, तेथे आज्ञावलीनेच ठराविक काळाने "मी आहे" असा संदेश द्यावा अशी व्यवस्था करतात. तिला 'स्पंदन' म्हणतात. हीच कल्पना रेल्वेने फार पूर्वी अंगीकारली होती. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली योजलेल्या रूळमंडलात रुळांतून मंद विद्युत्प्रवाह सतत वाहतो, आणि तो पोचत असेपर्यंतच सिग्नल मोकळा राहतो. गाडी आली, रूळ तुटला वा बॅटरी संपली, काहीही झाले तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल धोक्याचा होतो.

आंतरजालातील मोठमोठ्या मार्गदर्शक यंत्रांत असेच स्पंदन चालते. त्यांच्या परस्परसंवादासाठी सुचविलेली मुदत ९० सेकंदांची आहे आणि तिच्या एक-तृतीयांश काळाने, म्हणजे दर ३० सेकंदांनी, स्पंदन पाठविले जाते. एखादे दुसरे वाटेत हरवले तरी घात होऊ नये म्हणून हे प्रमाण. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी खनिज तेलाच्या नळमार्गांवरील उपकरणांसाठी 'एमक्यूटीटी' हा संकेत रचला. संदेश उपग्रहामार्फत जात आणि प्रत्येक अक्षर महाग पडे. म्हणून स्पंदनाचे पॅकेट त्यांनी दोनच बाइटांचे केले. उपकरणाने स्वतः ठरविलेल्या मुदतीच्या दीडपट काळ काहीही आले नाही तर सर्व्हर जोडणी तोडतो. यातील एक तरतूद मोठी हृद्य आहे. जोडणी करतानाच उपकरणास आपले 'मृत्युपत्र' सर्व्हरकडे ठेवता येते. ते निरोप न घेता नाहीसे झाले, तर सर्व्हर तो मजकूर संबंधितांस वाचून दाखवितो.

स्पंदनानेही कधी घात केला आहे. गुप्त संवादासाठी २०१२ साली स्पंदनाचा एक संकेत ठरला. त्यात "हे शब्द मला परत पाठवा, ते इतके आहेत" असे सांगावयाचे असते. एका बहुप्रचलित आज्ञावलीत सांगितलेली संख्या खरी आहे की नाही हे तपासण्याचे राहून गेले. शब्द एक, आणि संख्या हजारोंची सांगितली, की सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, कदाचित परवलीचे शब्दसुद्धा, उत्तरात धाडून देई. 'हार्टब्लीड' या नावाने हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जगापुढे आला.

आता मुदत किती असावी, या प्रश्नाकडे येऊ. कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी ताशी ७८ किलोमीटर वेगाने गेली तर तो ओलांडण्यास पाच मिनिटे लागतात. दूरध्वनीच्या लहरी आत पोचत नाहीत असे धरले, तर ९० सेकंदांची मुदत असलेला सर्व्हर आतील प्रवाशास मृत ठरवून त्याने राखलेली जागा दुसऱ्यास देऊन टाकील. दहा मिनिटांची मुदत असलेला सर्व्हर त्याची वाट पाहील, परंतु खरोखर नाहीशा झालेल्यांचीही तितकाच वेळ वाट पाहील. मुदत आखूड केली तर जिवंतास मृत म्हणण्याचा दोष, लांब केली तर मृतास जिवंत मानण्याचा. या दोहोंतून सर्वस्वी सुटका नाही, हे गणितानेही दाखविले आहे. संदेशास किती वेळ लागेल याची कोणतीही मर्यादा नसलेल्या जालात मंद संगणक व मृत संगणक यांत निश्चित भेद करता येत नाही, आणि म्हणून एकाही संगणकाच्या मृत्यूची शक्यता असेल तर सर्वांचे एकमत हमखास घडवून आणणारी रीत असू शकत नाही, असे फिशर, लिंच व पॅटर्सन यांनी १९८५ साली सिद्ध केले. पुढे चंद्रा व टॉएग यांनी १९९६ साली असे दाखविले की, चुकणारा पण कालांतराने सुधारणारा शोधकही पुष्कळ कामांस पुरतो. २००४ साली हायाशिबारा व त्यांचे सहकारी यांनी 'जिवंत की मृत' असा निकाल देण्याऐवजी संशयाची मात्रा सांगणारी पद्धत मांडली. आजवरची स्पंदने किती अंतराने आली याचा हिशेब ठेवावयाचा, आणि विलंब जसा वाढेल तसा संशयाचा अंक चढवावयाचा. किती अंकावर कृती करावी हे ज्याचे त्याने कामाच्या स्वरूपावरून ठरवावे.

जोडणी तुटल्याचे वेळेवर कळले, तरी एक प्रश्न उरतोच. समजा, तालुक्याच्या गावी कोणी एटीएमवर पाच हजार रुपये मागितले, आणि उत्तर येण्यापूर्वी जोडणी गेली. मागणीच बँकेपर्यंत पोचली नाही, की मागणी पोचून खात्यातून पैसे वळते झाले आणि उत्तर वाटेत हरवले? यंत्रापाशी दोन्ही प्रसंगी एकच दृश्य दिसते: मौन. पोचेची पोच, तिचीही पोच, अशी माळ कितीही लांबविली तरी शेवटचा संदेश पोचला की नाही हे त्याच्या प्रेषकास कळत नाही. डोंगराच्या दोन बाजूंस तळ दिलेल्या आणि जासुदांकरवी चढाईची वेळ ठरवू पाहणाऱ्या दोन सेनापतींच्या दृष्टांताने हे कोडे संगणकशास्त्रात प्रसिद्ध झाले आहे. त्याची चर्चा १९७५ पासून चालत आलेली आहे.

व्यवहारात यावर तोड काढतात ती अशी. शंका आली की यंत्र पैसे देत नाही, आणि आधीचा व्यवहार उलटविण्याचा संदेश पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठविते. शिवाय दिवसाच्या व्यवहारांचा ताळा बँका नंतर स्वतंत्रपणे घालतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा झाली पण रोकड हाती आली नाही, तर बँकेने ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता पाच दिवसांच्या आत ती परत जमा करावयाची असते, आणि त्याहून विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावयाची असते. आज्ञावलीच्या अंगाने पाहता, प्रत्येक मागणीस क्लायंट आरंभीच एक वेगळा क्रमांक देतो आणि सर्व्हर तो जपून ठेवतो. नव्या जोडणीवरून त्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आली, तर सर्व्हर रक्कम दुसऱ्यांदा वजा करीत नाही. पहिल्या वेळी दिलेले आणि वाटेत हरवलेले उत्तर तेवढे पुन्हा पाठवितो.